काळाचा ठोका आणि बालकाचे पाऊल

मराठीत वेळ विचारावयाची झाल्यास आपण 'किती वाजले?' असे विचारतो. हा प्रश्न इतका नित्याचा आहे की, त्यातील क्रियापदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वाजणे ही गोष्ट कानाने जाणावयाची. आणि तरीही, मनगटावरच्या निःशब्द तबकडीकडे पाहून आपण 'पाच वाजले' असे उत्तर देतो. 'तास' ह्या शब्दाची कथाही अशीच आहे. फारसीतून आलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ धातूचे भांडे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने आपल्या फिरोजाबादेत कालदर्शनाची जी व्यवस्था केली, तिचे नाव 'तास-घडियाल' होते. आपले 'घड्याळ' हेदेखील टोले देण्याच्या जाड पितळी थाळीच्या, म्हणजे घडियालाच्या, नावावरून आले. बाबराने आपल्या आत्मचरित्रात ह्या थाळीचे आणि ती वाजविणाऱ्या घडियाल्यांचे मोठ्या कौतुकाने वर्णन केले आहे. रात्री जागा झालेल्या माणसास नुसत्या घटकांच्या टोल्यांवरून प्रहर कोणता हे समजत नाही, असे पाहून, घटकांच्या टोल्यांमागून प्रहराचेही टोले द्यावेत अशी सुधारणा त्याने केली. इंग्रजांचा 'क्लॉक' हा शब्दसुद्धा घंटेच्या लॅटिन नावापासूनच निघाला. सारांश, पौर्वात्य काय आणि पाश्चात्त्य काय, मनुष्याने काळ प्रथम ऐकला आणि मागाहून पाहिला.

आमच्या पूर्वजांनी तर काळाचे मापच वाणीवर आणि श्वासावर बसविले होते. सूर्यसिद्धान्ताच्या गणनेप्रमाणे दहा गुरू अक्षरे उच्चारण्यास लागणारा काळ म्हणजे एक प्राण. सहा प्राणांचे एक पळ. साठ पळांची एक घटका. आणि साठ घटकांचे अहोरात्र. आजच्या मापाने प्राण चार सेकंदांचा, पळ चोवीस सेकंदांचे आणि घटका चोवीस मिनिटांची होते. ज्याला साठ गुरू अक्षरे संथपणे म्हणता येतात, त्याच्या जिभेवर एक पळ मोजण्याचे यंत्र आहे, असाच ह्याचा अर्थ. वेदाध्ययन करणाऱ्या बटूस मात्रेचा काळ शिकविताना शिक्षाकारांनी पशुपक्ष्यांची साक्ष काढली आहे: चाष पक्षी एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन आणि मुंगूस अर्धी. आठ वर्षांच्या मुलास 'काल' ह्या पदार्थाची व्याख्या सांगत बसण्यापेक्षा मोराची केका ऐकविणे किती शहाणपणाचे आहे, हे शिक्षकांस वेगळे सांगावयास नको. पुढे देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी हिशेबाचे काम पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' रचला. त्यातील तालाध्यायात तालाच्या क्रियांचे, जुन्या परंपरेस अनुसरून, सशब्द आणि निःशब्द असे दोन भाग केले आहेत. हाताची टाळी हीही क्रिया आणि हात नुसता फिरविणे हीही क्रिया. म्हणजे रिकामा वाटणारा काळदेखील मोजलेलाच असतो, हे तत्त्व त्यात आले. तबल्याच्या ठेक्यातील 'खाली' ही त्याच विचाराची नात आहे.

आमच्या घराघरांतील मुलींच्या खेळांतही हे ज्ञान वागत असे. हस्त नक्षत्र लागले की हादगा मांडावयाचा, मध्ये हत्तीचे चित्र ठेवून सभोवती फेर धरावयाचा, पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे सोळाव्या दिवसापर्यंत एकेक वाढवीत जावयाचे, हा परिपाठ अनेक घरी होता. ज्या मुलीस पंचांग वाचता येत नाही, तिलाही आज कितवा दिवस हे आजच्या गाण्यांच्या संख्येवरून आणि पायांना आलेल्या थकव्यावरून कळे. दिवसांची गणना गाण्याने आणि फेराने शिकविण्याचा ह्याहून सरळ प्रकार आम्हांस ठाऊक नाही.

असे असता, शाळेत मुलास 'वेळ सांगणे' शिकविण्याचा प्रसंग येतो तेव्हा आपण काय करतो? पुठ्ठ्याची तबकडी, दोन काटे, बारा आकडे आणि पाचाचा पाढा त्याच्यापुढे ठेवतो. काटा येथे असला म्हणजे अमुक आणि तेथे असला म्हणजे तमुक, असे घोकून घेतो. मूल ते घोकतेही. परंतु पाच मिनिटे म्हणजे किती, हे त्याच्या अनुभवास येतेच असे नाही. 'पाच मिनिटांत ये' असे सांगितलेले मूल अर्ध्या तासाने येते आणि वर प्रामाणिकपणे म्हणते की, पाचच मिनिटे झाली. ह्यात लबाडी नसते. आकडा शिकविला गेला आणि काळ शिकवावयाचा राहिला, एवढाच त्याचा अर्थ. हा राहिलेला भाग शिकविता येतो काय, आणि येत असल्यास कोणत्या मार्गाने, ह्या प्रश्नाचा शोध घेताना इतिहास आपणांस एका फार चमत्कारिक ठिकाणी घेऊन जातो. ते ठिकाण म्हणजे जिनीव्हा नगर.

सोळाव्या शतकात कॅल्व्हिनच्या धर्मसुधारणेने जिनीव्हात कडक शिस्त आणली. नाचणे हा तेथे दंडनीय अपराध ठरला. दागदागिन्यांच्या हौसेवर निर्बंध आले. सोनारांच्या हातांतील कौशल्य आता कोठे वळणार? फ्रान्समधून धर्मच्छळामुळे पळून आलेल्या प्रॉटेस्टंट कारागिरांनी घड्याळाची विद्या बरोबर आणली होती. तिच्याशी ह्या सोनारांच्या कसबाचा संयोग झाला, आणि 1601 मध्ये जिनीव्हात घड्याळजींचा संघ नियमबद्ध झाला. नृत्य हद्दपार आणि घड्याळ सन्मानित, अशी त्या नगराची स्थिती झाली. काळ हा ईश्वराने दिलेला ठेवा असून त्यातील क्षणही वाया घालविणे पाप होय, ह्या शिकवणुकीस खिशातील घड्याळाइतका शोभणारा दुसरा सोबती कोणता?

परंतु मनुष्यस्वभाव दाराबाहेर घातला तरी खिडकीतून आत येतो. त्याच जिनीव्हात 1712 मध्ये झाँ-झाक रूसो जन्मला. त्याचा पिता इझाक हा पिढीजाद घड्याळजी. पण त्याने काही काळ नृत्य शिकविण्याचाही व्यवसाय केला होता! ह्या एका गृहस्थाच्या ठायी जिनीव्हाचे दोन्ही स्वभाव एकत्र झाले होते, असे म्हणावयास हरकत नाही. पुत्राने पुढे आपले घड्याळ विकून टाकले, आणि आता किती वाजले हे जाणण्याची गरज उरली नाही म्हणून समाधान मानले, हे त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. 1742 मध्ये त्याने स्वर आकड्यांनी लिहिण्याची एक सोपी पद्धती पॅरिसच्या विद्वत्परिषदेपुढे मांडली, आणि 1762 मध्ये 'एमिल' हा शिक्षणावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. बालपणी शिक्षणाचा नियम वेळ वाचविण्याचा नसून वेळ घालविण्याचा असावा, पुस्तकापूर्वी इंद्रिये शिकवावीत, हा त्या ग्रंथाचा गाभा होय. घड्याळजीच्या मुलाने वेळ घालविण्याचा पुरस्कार करावा, हे त्या नगरास कसे रुचणार? जिनीव्हाच्या अधिकाऱ्यांनी ग्रंथ जाळविला. परंतु बी पडावयाचे ते पडले.

ते उगविण्यास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. एमिल झाक-डाल्क्रोझ हा स्विस मातापित्यांच्या पोटी 1865 मध्ये व्हिएन्ना येथे जन्मला आणि बालपणीच जिनीव्हास आला. पॅरिस आणि व्हिएन्ना येथे त्याने संगीताचे शिक्षण घेतले. मध्यंतरी अल्जीयर्सच्या एका नाट्यगृहात वाद्यवृंदाचे काम केले, आणि तेथे अरबी संगीतातील, युरोपीय कानास विषम वाटणाऱ्या, लयींशी त्याचा परिचय झाला. 1892 मध्ये तो जिनीव्हाच्या संगीतविद्यालयात अध्यापक झाला. तेथे त्यास एक विलक्षण गोष्ट दिसली. विद्यार्थी कागदावर स्वरसंवाद बिनचूक लिहीत, परंतु जे लिहिले ते त्यांच्या अंतःकर्णास ऐकू येत नसे. बोटे वाद्यावर सफाईने फिरत, परंतु लय पळे किंवा रेंगाळे. म्हणजे नियम होता, अनुभव नव्हता. आणि गंमत अशी की, हेच लयभ्रष्ट विद्यार्थी वर्गातून बाहेर पडून रस्त्याने चालू लागले की त्यांची पावले कशी समान अंतराने पडत! तेव्हा डाल्क्रोझने असा निष्कर्ष काढला की, ह्या मुलांच्या ठायी लय नाही असे नव्हे. ती पायांत आहे, आणि आम्ही मात्र ती बोटांत आणि डोळ्यांत शोधीत आहोत. पायांतील लय वर मनापर्यंत नेणे हेच शिक्षकाचे काम.

त्यावरून त्याने जी पद्धती बसविली तीत मुले अनवाणी, मोकळ्या जागेत, शिक्षकाच्या वाद्याबरोबर चालतात. साधी मात्रा आली की चालावयाचे. अर्धी आली की धावावयाचे. दुप्पट आली की एक पाऊल टाकून गुडघा लववून उरलेला काळ भरून काढावयाचा. हात तालाची आवर्तने दाखवितात आणि पाय मात्रांची वाटणी दाखवितात, म्हणजे शरीराचा एक भाग मोठे माप सांभाळतो व दुसरा लहान. शिक्षक वाजविता वाजविता लय चढवितो वा उतरवितो. मुलांनी ती न सांगता ओळखून पावलांत आणावयाची. मधूनच 'हॉप्!' अशी आरोळी येते, आणि पूर्वी ठरल्याप्रमाणे मुलांनी तत्क्षणी थांबावयाचे, दिशा बदलावयाची किंवा गती दुप्पट करावयाची. प्रतिष्ठित जिनीव्हाकरांस मुलामुलींचे उघडे पाय पाहून धक्का बसला, हे ओघानेच आले. तरीही 1905 मध्ये सोलोथर्न येथे त्याने आपल्या पद्धतीचे जाहीर दर्शन घडविले, आणि तिची वार्ता युरोपभर गेली.

ह्या पद्धतीतील एक अभ्यास आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष मननीय आहे. शिक्षक तालाचे एक आवर्तन वाजवितो, मुले ऐकतात. तो दुसरे आवर्तन वाजवू लागला की मुलांनी पहिले पावलांनी करावयाचे, आणि ते करीत असताच दुसरे ऐकून मनात साठवावयाचे. तिसऱ्याच्या वेळी दुसरे करावयाचे. आणि असेच पुढे. ह्यात मुलाच्या पायांत भूतकाळ असतो, कानांत वर्तमानकाळ असतो, आणि मनात पुढच्या क्षणाची तयारी, म्हणजे भविष्यकाळ. व्याकरणातील तिन्ही काळ एका सात वर्षांच्या मुलाच्या देहात एकाच वेळी नांदू लागतात! काळ म्हणजे काय हे सांगताना तत्त्वज्ञ अडखळतात. परंतु तो कसा वाहतो ह्याचा प्रत्यय ह्या साध्या खेळात येतो.

जिनीव्हाने जे औदार्य दाखविले नाही ते जर्मनीने दाखविले. ड्रेस्डेनजवळ हेलेराऊ येथे कामगारांसाठी उद्याननगर वसविण्यात येत होते. वोल्फ डोर्न ह्या तरुणाने आणि त्याचा बंधू हाराल्ड ह्याने डाल्क्रोझला तेथे बोलाविले. हाइन्‍रिख टेसेनोव ह्या वास्तुविशारदाने त्याच्या शाळेसाठी एक भव्य सभागृह उभारले, आणि 1911 पासून तेथे लयशिक्षणाचे पीठ सुरू झाले. देशोदेशींचे विद्यार्थी तर आलेच. परंतु त्या वसाहतीतील कामगारांची मुलेही तेथे शिकत. 1912 व 1913 च्या उत्सवांस युरोपातील लेखक-कलावंतांची रीघ लागली. लय हा समाज जोडणारा दुवा आहे, ती शिकलेले मूल स्वतःही सुव्यवस्थित होईल आणि इतरांशीही सुसंवादाने वागेल, ही त्या मंडळींची श्रद्धा होती.

आता ह्या कथेचे दुसरे अंग पाहिले पाहिजे, कारण ते न पाहिल्यास आमचा लेख भाबडा ठरेल. 1914 च्या प्रारंभी वोल्फ डोर्न बर्फावरील अपघातात मृत्यू पावला. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. जर्मन तोफांनी फ्रान्समधील ऱ्हँसचे प्राचीन प्रार्थनामंदिर उद्ध्वस्त केले, आणि त्याच्या निषेधपत्रकावर डाल्क्रोझने सही केली. जर्मनीचे दार त्यास कायमचे बंद झाले. 1915 मध्ये त्याने जिनीव्हात स्वतःची संस्था काढली, आणि 1950 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच त्याचे कार्यक्षेत्र राहिले. इकडे जर्मनीत लयीचे काय झाले? शेकडो पावले एका ठोक्याबरोबर पाडण्याची विद्या हुकूमशाहीच्याही फार उपयोगी पडली. 1936 च्या बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या उद्घाटनोत्सवात हजारो मुलांचे फेर धरण्यात आले. त्यासाठी संगीत दिले होते कार्ल ऑर्फने, म्हणजे बालकांच्या संगीतशिक्षणात ज्याचे नाव आजही आदराने घेतले जाते त्या गृहस्थाने. हेलेराऊच्या सभागृहाच्या आवारात नात्सी राजवटीत पोलिसांची छावणी पडली, आणि 1945 नंतर ते सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात जाऊन 1992 पर्यंत तेथेच राहिले. दुसरा बंधू हाराल्ड डोर्न हा हुकूमशाहीविरुद्धच्या उठावात सामील झाला म्हणून महायुद्ध संपण्यास अवघे थोडे दिवस उरले असता, एप्रिल 1945 मध्ये, गोळी घालून ठार करण्यात आला. त्याचा जावई क्रिस्टोफ प्रोब्स्ट हा 'श्वेत गुलाब' ह्या विद्यार्थ्यांच्या गुप्त संघातील. त्याचा शिरच्छेद 1943 मध्येच झाला होता.

एकाच लयीतून मोकळे मूलही घडते आणि कवायतीचा शिपाईही घडतो, असा ह्याचा अर्थ घ्यावा काय? आमच्या मते भेद सूक्ष्म आहे, पण निश्चित आहे. कवायतीत ठोका बाहेरून येतो आणि पाय त्यास शरण जातो. मन जागे असण्याची जरुरी नाही, किंबहुना ते निजलेलेच बरे. डाल्क्रोझच्या वर्गात ठोका बाहेरून आला तरी तो क्षणोक्षणी बदलतो, थांबतो, मागचा पुढे येतो. मुलास प्रत्येक वेळी ऐकून निर्णय करावा लागतो. चालण्याइतकेच थांबण्यास तेथे महत्त्व आहे. ज्यास थांबता येते तोच काळाचा धनी. ज्यास केवळ चालता येते तो त्याचा हमाल.

ह्या विचारास पुढे शास्त्राचेही पाठबळ मिळाले, आणि तेही त्याच जिनीव्हात. 1928 मध्ये दाव्होस येथील व्याख्यानसत्रात आइन्स्टाइनने झाँ पियाजे ह्या तरुण मानसशास्त्रज्ञास विचारले की, मुलास काळाची जाणीव आधी होते की वेगाची? पियाजे जिनीव्हाच्या 'रूसो संस्थे'त काम करीत असे. ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्याची अनेक वर्षे गेली, आणि 1946 मध्ये बालकांच्या कालकल्पनेवर त्याचा ग्रंथ निघाला. त्याच्या एका प्रयोगात दोन बाहुल्या एकाच वेळी निघतात आणि एकाच वेळी थांबतात. परंतु एक वेगाने जाऊन पुढे पोहोचते. लहान मूल म्हणते, पुढची बाहुली अधिक वेळ चालली. म्हणजे लांब गेले ते जास्त वेळ गेले, असा त्याचा समज असतो. काळ, अंतर आणि वेग ही तीन सूते त्याच्या मनात एकमेकांत गुंतलेली असतात. घड्याळाच्या तबकडीवर नेमकी हीच अडचण उभी राहते. मोठा काटा तासाभरात सबंध फेरा करतो आणि लहान काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जातो. काळ दोघांसही तेवढाच लागतो. मुलाच्या बुद्धीला मात्र हे पटत नाही.

तेव्हा वेळ सांगावयास शिकणे ह्यात तीन गोष्टी येतात. पहिली, सारखे तुकडे सारखे आहेत हे जाणणे. दुसरी, लहान तुकडे मोठ्यात कसे सामावतात हे जाणणे. आणि तिसरी, दोन निरनिराळ्या गती एकाच काळात चालू शकतात हे जाणणे. ह्या तिन्ही गोष्टी तबकडी दाखवून सांगता येतात, पण पटवून देता येत नाहीत. पावलांनी आणि टाळ्यांनी त्या पटतात. कानाने समान अंतर ओळखण्याची शक्ती किती सूक्ष्म आहे, हे विज्ञानाच्या इतिहासकारांनीही दाखविले आहे. गॅलिलिओचा पिता ल्यूट ह्या तंतुवाद्याचा जाणकार होता. उतरणीवरून गोळा सोडण्याच्या प्रयोगांत गॅलिलिओने काळाचे समान भाग गाण्याच्या लयीवरून पाडले असावेत, असा तर्क स्टिलमन ड्रेक ह्या विद्वानाने 1975 मध्ये मांडला. सेकंद दाखविणारे भरवशाचे घड्याळ उपलब्ध नसता आधुनिक पदार्थविज्ञानाचा आरंभ जर गाण्याच्या ठेक्यावर होऊ शकला, तर बालवर्गाचा का होऊ नये?

आणि ह्या कामी आम्हां मराठी लोकांस दूर जावयास नको. तबकडीचे बारा भाग आणि एकतालाच्या बारा मात्रा ह्यांचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. बाराचा आकडा ही समेची जागा; तेथे फेरा पुरा होतो आणि तेथूनच नवा निघतो. बारा मुलांस वर्तुळात बसवावे, मृदंगावर वा डफावर संथ ठेका धरावा. एका मुलाने प्रत्येक ठोक्यास एक जागा ओलांडीत सबंध फेरा करावा, आणि त्याने समेवर पाऊल टाकले म्हणजेच दुसऱ्याने बसल्या मुलांपैकी एकास टप्प्याटप्प्याने मागे टाकून पुढच्याशेजारी पोहोचलेले असावे. बसलेल्या मुलांनी आपल्यापाशी धावता गडी आला की टाळी देऊन पाचाच्या पाढ्यातील आपली संख्या म्हणावी. अर्धा फेरा झाला की सर्वांनी 'साडे' म्हणावे. असे चार-आठ दिवस झाल्यावर पुठ्ठ्याची तबकडी पुढे ठेवली तर मूल तिच्याकडे ओळखीच्या दृष्टीने पाहील.

आमच्या भाषेत वेळ सांगण्याची रीतही मोठी अर्थपूर्ण आहे. 'सव्वापाच' म्हणताना आपण मागे गेलेल्या पाचाकडे पाहतो. 'पावणेसहा' म्हणताना पुढे येणाऱ्या सहाकडे. दीड आणि अडीच ह्यांना तर स्वतंत्र नावे. जुन्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी ही परवचे एका लयीत, सूर धरून, म्हटली जात. त्या पद्धतीत छडीचा भाग होता तो गेला हे उत्तम झाले. परंतु छडीबरोबर लयही गेली, ही हानी आहे. लय होती म्हणून अपूर्णांक मुलांच्या जिभेवर बसले. त्या शाळेचा दोष असा की, तेथे जीभ हलत असे आणि पाय मांडी घालून बसलेले असत.

आमच्याकडील बालशिक्षणाच्या धुरीणांस हे मर्म उमगले होते. गिजुभाई बधेका ह्यांनी 1920 मध्ये भावनगरास बालमंदिर काढले. ताराबाई मोडक त्यांस जाऊन मिळाल्या, आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरीबाई 1939 मध्ये मद्रासेस आल्या आणि महायुद्धामुळे येथेच राहिल्या; जमिनीवर आखलेल्या रेषेवरून संगीताच्या लयीत चालण्याचा पाठ त्यांच्या पद्धतीत होताच. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डी येथे आणि 1957 पासून कोसबाड येथे, अनुताई वाघ ह्यांच्या साहाय्याने, शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ज्या वारली पाड्यांतून ती मुले येत, तेथे घरोघर घड्याळ कोठून असणार? परंतु तारप्याभोवती फेर धरणाऱ्या त्या समाजाच्या मुलांच्या पायांत लय आधीच होती. शिकविणाऱ्याने ती रिकाम्या पाटीवर लिहावयाची नव्हती. असलेली ओळखावयाची होती.

ह्याच्या उलट, नगरांतील घड्याळ आपल्याकडे आले ते हुकमाच्या रूपाने. 1878 मध्ये पुरा झालेला मुंबईचा राजाबाई मनोरा तासागणिक विलायती सुरावटी वाजवीत असे. इंग्लंडच्या राष्ट्रगीताचा त्यांत समावेश होता. 1906 च्या प्रारंभापासून सरकारने सर्व हिंदुस्थानास एकच वेळ लावून दिली, तर मुंबईकरांनी तिच्याहून 39 मिनिटे मागे असणारी आपली स्थानिक वेळ 1955 पर्यंत जतन केली. त्या हट्टात व्यवहाराची गैरसोय पुष्कळ होती. तथापि काळ हा कोणीतरी वरून बजावण्याची वस्तू नव्हे, ही भावना त्यात होती. शाळेतील मुलाच्या मनात घड्याळाविषयी प्रथम कोणती भावना उपजते, हे ह्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. 'उशीर झाला' ह्या दोन शब्दांपलीकडे ज्यास घड्याळाची ओळख नाही, ते मूल जन्मभर काळाला भिऊन राहील किंवा त्याला फसवू पाहील.

आजच्या मुलांच्या वाट्यास तर बहुधा फिरता काटाही नाही आणि टिकटिकही नाही. चौकोनात चार आकडे उमटतात आणि पुसले जातात. त्यांत फेरा दिसत नाही, सम येत नाही, किती गेले आणि किती उरले हे नजरेस पडत नाही. अशा मुलास काळाची चव लावावयाची तर ती त्याच्या स्वतःच्या देहातूनच लावली पाहिजे. तेथे नाडीचा ठोका आहे, श्वासाची ये-जा आहे, पावलांची जोडी आहे. ही साधने प्रत्येक खेड्यातील प्रत्येक शाळेत आहेत आणि त्यांस द्रव्य पडत नाही. लागते ती एवढीच गोष्ट की, शिक्षकाने दररोज थोडा वेळ घालविण्याचे धैर्य दाखवावे. घड्याळजीच्या मुलाने अडीचशे वर्षांपूर्वी मागितले होते तेही एवढेच. आमच्या पाठशाळांच्या वेळापत्रकात प्रत्येक विषयास तास आहे. त्या तासातील नाद मुलांच्या कानी पडेल असा एक तास त्यात घालता आला, तर 'किती वाजले?' ह्या आपल्या जुन्या प्रश्नाचा अर्थ त्यांस न सांगता कळेल.